भागिरथीच्या मापाची टोपी

करंजी, ता. पाथर्डी
सोमवार, १६ नोव्हेंबर १९७०

चि. रंगनाथास आईचा आशीर्वाद. आम्ही सगळी बरी आहोत, तूही बरा आहेस असं धरून चालते, कारण मला आधी भांडायचं आहे.

ते तुझं हेल्मेट येशील तेव्हा परत घेऊन जा. दसऱ्याला मी तुला काय लिहिलं होतं? तुझ्या बायकोच्या, भागिरथीच्याच डोक्याला नीट बसेल असं बघ. नुसतं लिहिलं नव्हतं, तिच्या डोक्याभोवती सुतळी फिरवून, गाठ मारून, ती सुतळी पाकिटात घातली होती. त्या सुतळीचं तू काय केलंस? कशाची पुडी बांधलीस? तुझ्याकडून गावी आलेल्या रंभाजीनं दिवाळीत पिशवी आणून दिली, मी उघडून बघते तर घागर. भागिरथीनं घातली ती नाकापर्यंत खाली आली. आतूनच म्हणाली, आत्या, तुम्ही कुठं आहात? तुझ्या आप्पांनाही सैल झाली. ते म्हणाले, राहू दे, खुडूक कोंबडी बसवू. खरं सांग, दुकानात तू ती स्वतःच्या डोक्यावर घालून बघितलीस ना? मला बसली म्हणजे तिलाही बसेल, असंच ना?

तुझं दुसरं पत्र गेल्या मंगळवारी आलं. सायकल विकून टाका, भागिरथीचं दवाखान्यातलं काम सोडवा, तिला पिंपरीला पाठवून द्या. वाचलं. त्याचं उत्तर खाली देते. आधी हेल्मेटचं संपवते, ते कळल्याशिवाय तुला पुढचं कळणार नाही. आणि तुझ्याकडूनही एक उत्तर पाहिजे आहे. मला नाही, तिला. दवाखान्याचे डॉक्टर डोंगरावरच्या तिन्ही वाड्या कायमच्या तिच्याकडे द्यायच्या म्हणतात. देवीची लस टोचायची, बाळंतिणी बघायच्या, सगळं तिच्या नावावर. तिनं हो म्हणायचं की नाही, एवढंच अडलं आहे.

तर भाऊबीज झाल्यावर मी आणि आप्पा तिला घेऊन भिंगारला गेलो. तिथं कॅम्पाजवळ एक चाचा जुनं लष्करी सामान विकतात. बूट, पाण्याच्या बाटल्या, पट्टे, आणि भिंतीला हारीनं टांगलेल्या टोप्या. मी सांगितलं, सायकलवर दगडधोंड्यांतून डोंगर उतरायचा आहे, त्यासाठी टोपी दाखवा. चाचांनी आप्पांकडं बघून विचारलं, साहेब चालवणार का? आप्पांनी भागिरथीकडं बोट केलं. चाचांनी तिच्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि शिडी घेतली.

पहिली लोखंडाची निघाली, लढाईतली. तिच्यापुढं गोळी काही करणार नाही, पण मान चार पावलांत खांद्यात जाईल. ती नको म्हटलं. दुसरी कानावरून घट्ट बसणारी, आत मऊ अस्तर. भागिरथीला ती आवडली होती. मी मागं जाऊन तिला हाक मारली, तिनं वळून बघितलं नाही. घाटातल्या ट्रकचा भोंगा ऐकू येणार नसेल तर ती मऊ टोपी काय कामाची? तीही नको. तिसरी मोटारसायकलवरून निरोप नेणाऱ्या शिपायांची. वाटीसारखी, वरून टणक, पण हाताला हलकी. आत पट्ट्यांची जाळी आणि मधे नाडी, ओढली की डोक्याच्या मापाची होते. कानांवर चामड्याचे दोन पाळे होते, ते चाचा कापून देतो म्हणाले.

ती घातली. मी तिला मान खाली घालायला लावली. जोरात झटक म्हटलं. झटकली. मग मी टोपी दोन्ही हातांनी धरून डावीकडं ओढली, उजवीकडं ओढली, मागून वर ढकलून बघितली. कपाळाची कातडी टोपीबरोबर हलली पाहिजे, टोपी एकटी हलली म्हणजे ती पडताना डोक्यावर राहणार नाही. चाचा म्हणाले, "बाई, सुनेची मान मोडंल." मी म्हटलं, "मोडली तर हितं मोडू द्या. डोंगरावर नको." तिथं दोन शिपाई बुटं बघत होते, ते हसायला लागले. हसू देत.

मग तिला दुकानाच्या पायरीवरून उड्या मारायला लावल्या. लाजली, पण मारल्या. आणि टोपी काढायची नाही असं सांगून तिला तशीच बसवून ठेवली. चहा मागवला, आम्ही सगळ्यांनी प्यायला, चाचांचं त्यांच्या मुलीच्या सासरचं सगळं सांगून झालं, तरी ती टोपीतच. नवी चप्पल दुकानात कधी चावत नाही, ती गावाच्या वेशीत चावते. माणसं घालतात, आरशात बघतात, घेऊन निघतात. तुझ्यासारखी.

काढल्यावर कपाळ बघितलं. सगळीकडून सारखा वळ, कुठं एका जागी लाल नाही. म्हणजे टोचत नाही. हनुवटीच्या पट्ट्यात एक बोट जात होतं, दोन नाही. सगळं जमलं आणि एकच जमलं नाही. अंबाडा.

टोपी अंबाड्यावर बसे आणि पुढं डोळ्यांवर कले. अंबाडा वर घेतला तर टोपी उंच राही, खाली घेतला तर मागून उचले. चाचा भला माणूस, त्यांच्या मनात काही नव्हतं. ते म्हणाले, साहेबलोकांच्या बायका केस आखूड करतात, तसं करा. रंगनाथा, भागिरथीचा हात आपोआप मागं गेला आणि तिनं अंबाडा धरून ठेवला. मी चाचांना सांगितलं, टोपीसाठी केस कापत नसतात, टोपीनं जागा करायची. आणि तिथंच, दुकानात, तिला पोत्यावर बसवून मी तिचा अंबाडा सोडला.

लग्नाला चार वर्षं झाली, मी तिच्या केसांना कधी हात लावला नव्हता. तिची ती घालते, माझी मी घालते. मी तिचा मधोमध भांग पाडला, मानेपाशी खाली, दोन वेण्या घातल्या आणि त्या मानेखाली दुमडून बांधल्या. टोपी वरून घातली. बसली. झटक म्हटलं, झटकली, तसूभर हलली नाही. चाचांनी कानावरचे पाळे कापून कडेनं दोरा घातला आणि म्हणाले, ही आता हिचीच.

आता वेण्या घालताना माझ्या बोटांना जे लागलं ते लिहिते. तुला ते रंभाजीनं सांगितलंच आहे, आणि मी सांगितलं नाही याचा राग तू तुझ्या पत्रात काढलास. डाव्या कानाच्या वर तिचे केस बोटाच्या पेरभरच आहेत. डॉक्टरांनी टाके घालताना तिथलं भादरलं होतं. पोळा झाल्यानंतरची गोष्ट. वरच्या वाडीवरून येताना निसरड्या मुरमावर पुढचं चाक सरकलं आणि ती पडली. हेल्मेट ऊन लागतं म्हणून मागवते असं मी तुला लिहिलं, ते खोटं होतं. लिहिलं असतं तर तू तेव्हाच सायकल विकायला लावली असतीस. लावलीसच ना आता?

पण रंभाजीनं तुला निम्मंच सांगितलं. ती कशी पडली ते त्याला काय माहीत? लशीच्या बाटल्यांची पेटी तिच्या गळ्यात होती. चाक सरकलं तसे तिनं दोन्ही हात सोडून पेटी पोटाशी धरली, म्हणून डोकं आपटलं. हात टेकले असते तर नुसतं खरचटलं असतं. पदर डोक्याला गुंडाळून घरी आली, पदर रक्तानं भिजलेला, आणि उंबऱ्यातूनच मला म्हणते, "आत्या, पेटी उघडून बघा, बाटल्या फुटल्या का?" एकही फुटली नव्हती. मी डॉक्टरांकडं घेऊन गेले. टाके घालताना ते तिच्यावर ओरडले, की बाटल्या पुन्हा मिळतात, डोकं मिळत नाही. ती म्हणाली, रिकाम्या हातानं गेले तर वाडीची माणसं पुन्हा हात पुढं करणार नाहीत. वाडीवरच्या लंकाबाईच्या पोरांना पहिल्यांदा टोचायला तिला किती हेलपाटे पडले ते मी बघितलं आहे. लंकाबाई कोयता घेऊन दारात उभी राहायची. आता तीच बाकीच्यांना घरातून ओढून आणते.

टोपी आली तशी मी रोज सकाळी तिच्या वेण्या घालते. गावात बोलणं व्हायचं ते झालं. लग्न झालेली बाई दोन वेण्या घालून, माझं जुनं नऊवारी कासोटा मारून, डोक्याला हिरवी वाटी बांधून निघते म्हटल्यावर ओट्यावर माणसं बसणारच. केशरबाई तर आडावर सगळ्यांदेखत म्हणाली, "काय चांगुणाबाई, सुनंला परत साळंत घातली का?" मी म्हटलं, "व्हय, घातली. पास झाली की तुमच्या नातवाला टोचाया येईल." नातू अजून टोचायचा राहिला आहे, ते सगळ्यांना माहीत होतं. केशरबाईनं घागर उचलली.

एक दिवस मी तिला न सांगता डोंगरावर गेले. मला बघायचं होतं. गुडघे दुखत होते तरी गेले, आणि मधल्या वळणावर, जिथं ती पडली होती, तिथं बाभळीखाली बसले. वरून आधी दगड घरंगळल्याचा आवाज आला आणि मग ती दिसली. रंगनाथा, तुझीच ती सायकल, जिच्यावरून तू चावडीसमोर सपाटीला दोनदा पडलास, ती खाली नुसती थडथडत होती आणि ही वर शांत. बैठकीवरून उठलेली, कोपरं सैल, नजर पायाखाली नाही, पुढं. मुरूम आला तिथं वेग कमी केला, चाक सरकू दिलं नाही, अन् गेली निघून. मी दिसले तिला, पण बघितलं न बघितलं करून गेली. उतारावर वाटेवरून नजर काढायची नाही असं तिचं तिनंच ठरवलं आहे.

तिथं एक धनगर मेंढरं घेऊन उभा होता. त्यानं विचारलं, कुणाची पोर हाय वो? मी माझी म्हणून सांगितलं. त्याला वाटलं लेकच. मी दुरुस्त केलं नाही.

घरी आल्यावर तिनं टोपी काढली. केस ओले, कपाळावर तोच सारखा वळ, आणि असं हसली की मला तिचं लग्नातलं तोंडसुद्धा आठवेना. मला म्हणाली, आत्या, डोक्यावर काही आहे हे विसरूनच गेले. मी म्हटलं, मग बरोबर मापाची आहे.

त्यानंतर चार दिवसांनी तुझं पत्र आलं.

तिनं वाचलं. टोपी खुंटीला अडकवली आणि दुसऱ्या दिवशी पायी निघाली. आजपर्यंत पायीच जाते आहे. पायी एक वाडी होते, फार तर दीड. तिसरी राहतेच. अंधार पडता घरी येते आणि पाय शेकत बसते. सकाळी वेण्या घालायला माझ्यासमोर बसतसुद्धा नाही, अंबाडा घालून मोकळी होते.

मी तिला सांगितलं, डॉक्टरांना हो सांग, कागदावर सही कर, रंगनाथाचं मी बघते. त्यावर ती जे म्हणाली ते तसंच लिहिते, मधे माझं घालत नाही. म्हणाली, "आत्या, तुमचं हो मला पुरतं. पन उतारावर डोक्यात दुसरं काई फिरलं की मानूस पडतं. त्यांचं पत्र फिरत राहील."

कळलं? वरून डोकं सांभाळायची सोय मी करून दिली आहे. आत काय फिरतं आहे ते तू पाठवलेलं आहे, ते तूच काढायचं.

तुला काळजी वाटते हे मला कळतं. तिच्या डोक्याचं ऐकून तुला दोन दिवस जेवण गेलं नाही असं रंभाजीनं पत्रानं कळवलं. मग तसं लिहायचं. काळजी वाटली की माणूस सायकल विका म्हणून लिहितो का? तिला पिंपरीला नेऊन तू कामावर जाणार आणि ती खोलीत बसून तुझी वाट बघणार, हे तू ठरवलंस, विचारलं नाहीस. मापाची सुतळी पाठवूनही तू बघितली नाहीस, म्हणून मी आज एवढं लांबलचक लिहिते आहे. माझा हात दुखायला लागला. तिसरीपर्यंत शिकलेल्या बाईला एवढं लिहायला लावतोस.

सायकल विकायची नाही. ती तू आप्पांकडं मागू नको, माझ्याकडं माग, आणि मी देणार नाही. तिला पिंपरीला यायचं असेल तेव्हा ती येईल, मी स्वतः गाडीत बसवून देईन. पण ते तिनं म्हटलं पाहिजे.

डॉक्टर शनिवारी, ता. २८ला, नगरला नावं घेऊन जाणार आहेत. म्हणजे शुक्रवारी, ता. २७च्या टपालात तुझं पत्र इथं आलं पाहिजे. माझ्या नावानं नको, आप्पांच्या नावानं नको. पाकिटावर सौ. भागिरथी असं लिही. आत काय लिहायचं ते मी सांगत नाही, तुझी बायको आहे, तुला कळलं पाहिजे. रागवायचं असेल तर माझ्यावर रागव, वेगळ्या कागदावर, आणि तो निवांत पाठव. शुक्रवारी फक्त तिचं पत्र.

पोस्टमन दुपारी येतो. मी दारात बसलेली असेन.

आज फक्त भागिरथीची सासू म्हणून सही करते,
चांगुणा

तुझी आई म्हणून कधी करायची ते शुक्रवारी बघते.