'हाकेला प्रतिसाद नाही' हा शेरा खोडून मिळणेबाबत

प्रति,
मा. बाल आरोग्य अधिकारी,
बालतपासणी विभाग,
नागरी आरोग्य केंद्र.

विषय : नातीच्या दोन वर्षांच्या नियमित तपासणीत कार्डावर मारलेला 'हाकेला प्रतिसाद नाही' हा शेरा खोडून मिळणेबाबत.

संदर्भ : बाळाचे तपासणी कार्ड, पान सातवे, दिनांक ४ चा शेरा व त्याखालील डॉक्टरीणबाईंची सही.

महोदय,

१. अर्जदार ही पत्र्याच्या कारखान्यात झाळकाम करणारी असून वय वर्षे एकसष्ट आहे. कारखाना म्हणजे आमच्या घराचीच पुढची खोली. मधे दार आहे, दाराला पडदा आहे आणि दोन्हीकडे एकच लाकडी फळ्यांची जमीन आहे. बाळाचे आजोबा आणि माझा मुलगा पत्रा कापतात, वाकवतात, ठोकतात; मी कथील वितळवून सांधे झाळते. पिंपं, डबे, नरसाळी, पन्हळी असा माल निघतो. सून कपड्यांच्या दुकानात कामाला जाते. नात जन्मली तेव्हा जेमतेम दोन किलोची होती, म्हणून घरात तिला खिळी म्हणतात. कार्डावर नाव वेगळे आहे, पण ते आम्हालाही आठवून सांगावे लागते.

२. आपल्या केंद्राची एकही तपासणी आम्ही चुकवलेली नाही, हे प्रथम नम्रपणे नमूद करते. सूनबाईंना रजा मिळत नसल्याने दर खेपेला मीच बाळाला आणते. लशी वेळच्या वेळी झाल्या आहेत. कार्डावरची वजनाची रेघ जिना चढावा तशी चढत गेलेली आहे, तिला मधे कुठे पायरी तुटलेली नाही. डोक्याचा घेर बरोबर, दात सोळा. दिनांक ४ रोजी डॉक्टरीणबाईंनी हे सगळे मापून 'छान, छान' असे दोनदा म्हटले. तिथवर काहीच तक्रार नाही.

३. त्यानंतर त्यांनी बाळाला माझ्या मांडीवर भिंतीकडे तोंड करून बसवले. भिंतीवर भाज्यांचे चित्र होते. बाळ भाज्या बघू लागले. डॉक्टरीणबाई मागे गेल्या, त्यांनी खुळखुळा वाजवला. मग छोटी घंटा वाजवली. मग कार्डावरचे नाव घेऊन दोनदा हाक मारली, एकदा हळू, एकदा मोठ्याने. बाळ भाज्याच बघत राहिले. तेवढ्यावरून वरील शेरा मारला गेला, आणि मोठ्या रुग्णालयात यंत्रावर कान तपासण्यासाठी दिनांक २२ ची चिठ्ठी हातात पडली.

४. आता साहेबांनीच विचार करावा. जी पोर पाळण्यात होती तेव्हापासून हातोड्याखाली वाढली, तिने खुळखुळ्याकडे मान का वळवावी? सोनाराच्या मांजराला टिकटिकीचे काय कौतुक? आमच्याकडे चार हातांवर पिंपाचा तळ ठोकतात आणि ही तिथेच गोधडीवर झोपते, पापणी हलत नाही. गिऱ्हाईक कानात बोटं घालून दारात उभं राहतं आणि म्हणतं, "आजी, लेकरू आहे का दगड?" मी म्हणते, पत्रेवाल्याचं रक्त आहे. तिच्यासाठी मी ओवीसुद्धा रचलेली आहे :

पत्र्यावर ठोका, ठोक्यावर ठोका,
निजेला ना धोका, खिळीच्या माझ्या.

भित्रे नसणे हा आजार आहे काय, याचा खुलासा आपल्या कार्यालयाने करावा.

५. 'हाकेला प्रतिसाद नाही' हे विधान वस्तुस्थितीला धरून नाही. आमच्या घरात कुणीच कुणाला हाक मारत नाही. मारून उपयोग काय? हातोडा चालू असला की जेवायला या म्हणून घसा फोडला तरी ऐकू जात नाही. म्हणून मी पडद्याशी उभी राहून दिव्याचे बटण दोनदा खालीवर करते. दोघे बाप-लेक हातोडे ठेवतात आणि या सगळ्यांच्या आधी, दुडूदुडू, खिळी ताटावर हजर असते. यापेक्षा वेगळा प्रतिसाद शासनास अपेक्षित असल्यास कळवावे.

६. कार्डावर 'बाळ किती शब्द बोलते' असा चौकोन आहे. डॉक्टरीणबाईंनी त्यात 'दोन, अस्पष्ट' असे लिहिले आहे. हे वाचून बाळाच्या आजोबांनी त्या दिवशी एक पिंप वाकडे ठोकले. खरी यादी सोबत जोडली आहे, एकूण एकतीस शब्द. अंगठा ओठाला लावला की पाणी. तळहात आडवा फिरवला की पुरे. बोट वाकडे करून ओढले की आण. हातावर फुंकर मारली की गरम. दोन्ही मुठी एकमेकींवर आपटल्या की आजोबा. कपाळावर बोटाने चष्मा सरकवला की मी. ही आमची कारखान्यातली बोली आहे, खिळीला कुणी शिकवली नाही, बघता बघता तिने उचलली आणि वर आपले चार शब्द घातले. परवा तिने आजोबांच्या टकलाकडे बोट दाखवून हातावर फुंकर मारली. उन्हातून आले होते, डोके तापलेले होते. दोन वर्षांच्या पोरीने केलेला हा विनोद 'दोन, अस्पष्ट' या चौकोनात कसा मावणार?

७. तिला गाणे कळत नाही असाही अर्थ या शेऱ्यातून निघतो, तो मला फार लागला. माझ्या ओव्यांशिवाय ती दुपारची निजत नाही. मांडीवर आडवी होते, हात वर करते आणि तळवा माझ्या गळ्यावर ठेवते. मी गायची थांबले की तळव्याने थापटून पुढचे मागते. गावातल्या जाणत्या बायकाही ओवी अशी ऐकत नाहीत.

गाणं माझ्या गळी, तळव्याच्या तळी,
ऐके माझी खिळी, डोळे मिटून.

८. पाचामुखी परमेश्वर म्हणतात, म्हणून साक्षीदार घेतले आहेत. पहिले, बाळाचे आजोबा. त्यांनी शपथेवर सांगितले आहे की बाळाला त्यांच्याइतकेच चांगले ऐकू येते. (आजोबांना चाळीस वर्षांच्या ठोकाठोकीने उजव्या कानाने ऐकू येत नाही व डाव्याने कमी येते, हे नियमाप्रमाणे नमूद करते.) दुसऱ्या, शेजारच्या इस्त्रीवाल्या बाई. त्यांनी पाठीमागून हाक मारली आणि बाळाने लगेच वळून पाहिले. सही करताना मात्र त्या पेन हातात धरून थांबल्या आणि म्हणाल्या, "सही करते, आजी. पण नीट लिहा. मी हाक मारली तेव्हा फळीवर पाय आपटला होता." खोटी साक्ष नको म्हणून त्यांचे म्हणणे जसेच्या तसे लिहिले आहे. दोघांच्याही सह्या प्रत्येक पानावर घेतल्या आहेत.

तरी वरील शेरा खोडून, कार्डावर 'प्रतिसाद उत्तम' असे लिहून मिळावे, ही विनंती.

(येथून पुढील मजकूर तीन दिवसांनंतर लिहिलेला आहे. वरच्या पानांवर साक्षीदारांच्या सह्या झाल्याने ती फाडता येत नाहीत, आणि खोडाखोड केलेला अर्ज खिडकीवर घेत नाहीत. म्हणून आहे तसेच ठेवून पुढे लिहिते.)

९. इस्त्रीवाल्या बाईंचा पाय माझ्या डोक्यातून जाईना. सुट्टीच्या दिवशी कारखाना बंद होता. दोघे बाप-लेक पत्रा आणायला गेले होते, सून न्हात होती. घर इतके गप्प होते की मला माझ्याच बांगड्यांचा आवाज खटकला. खिळी खिडकीशी पाठमोरी बसून डब्याच्या झाकणांची उतरंड लावत होती. मी पलंगावर बसले, पाय वर घेतले, जमिनीला काही लागू दिले नाही. आणि हाक मारली. खिळे. खिळुताई. मग कार्डावरच्या नावाने. मग पिंपाचे झाकण आणि पळी घेऊन वाजवले. समोरच्या घरातून कुणीतरी ओरडले, "आज तरी सुट्टी द्या हो!" समोरच्या घराला ऐकू गेले. चार हातांवरच्या खिळीने झाकणावर झाकण ठेवले, नीट बसले का ते बघितले आणि तिसरे उचलले.

१०. मग मी ओवी म्हटली. एकसष्ट वर्षांत इतक्या मोठ्याने कधी म्हटली नव्हती. ती संपेपर्यंत पाठ तशीच होती. सावली हलली म्हणून तिने मागे बघितले, मला बघून हसली, पलंगावर चढली आणि रोजच्यासारखा तळवा माझ्या गळ्यावर ठेवला. महोदय, मला वाटत होते की ती लाडाने हात ठेवते. वरचा सातवा परिच्छेद मी फुशारकी म्हणून लिहिला होता. तो आता तपासणीचा पुरावा म्हणून वाचावा. पाचवा, सहावा आणि आठवाही तसेच वाचावेत.

११. सून न्हाणीतून बाहेर आली ती माझा आवाज ऐकूनच. ओल्या केसांनी दारात उभी राहिली. सहा महिन्यांपूर्वी ती मला म्हणाली होती, "आई, मी कामावरून येते, दारातून हाक मारते, तर ही बघत नाही हो." तेव्हा मी तिला सांगितले की तुझ्या आवाजात जोर नाही, दिवसभर दुकानात कुजबुजून तुझा घसा बसलाय. चारचौघांत सांगितले आणि सगळे हसले. सूनही हसली. आता मी तिला म्हटले, "तू म्हणत होतीस ते खरं होतं गं." तर म्हणाली, "आई, तुम्ही आधी पाणी प्या."

१२. दीड वर्षाच्या तपासणीत नर्सबाईंनी विचारले होते : हाक मारली की बघते का? मी उत्तर दिले, बघते म्हणजे काय, सगळं घर डोक्यावर घेते! नर्सबाई हसल्या व त्यांनी 'होय'वर खूण केली. नऊ महिन्यांच्या पानावरही 'होय' आहे, तेही माझेच. बाळाची आई दोन्ही वेळा हजर नव्हती. या दोन्ही खुणा अर्जदाराच्या तोंडच्या असून त्या चुकीच्या आहेत. केंद्राचा यात दोष नाही. आपण विचारले, आणि आम्ही घरच्या अभिमानाने उत्तर दिले.

१३. आता मुख्य अडचण. दिनांक २२ ची चिठ्ठी माझ्याजवळ नाही. शेऱ्याचा राग येऊन मी ती दिनांक ६ रोजीच खिडकीवर परत केली. खिडकीवरचे कारकून भले माणूस. त्यांनी विचारले होते, "आजी, नक्की ना? परत मिळायची नाही." मी म्हटले, आम्हाला गरज नाही, ज्याला गरज आहे त्याला द्या. त्यांनी मागे उभ्या असलेल्या बाईंना ती दिली. त्यांच्या कडेवर बाळ होते. ती चिठ्ठी त्यांच्याकडून परत घ्यावी असे माझे म्हणणे नाही. काल पुन्हा खिडकीवर गेले तर पुढची तारीख पाच महिन्यांनंतरची निघाली.

१४. मी डॉक्टरीणबाईंना भेटले. हा अर्ज त्यांना दाखवला. त्यांनी पहिली पाने वाचली. रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "या वयात एकेक महिना मोठा असतो, आजी. कानाला यंत्र लागणार असेल तर ते जितकं लवकर, तितकी भाषा लवकर. आणि हाताची बोली सोडू नका, तीही भाषाच आहे, उलट वाढवा." मी विचारले, पाच महिने म्हणजे किती शब्द? त्या म्हणाल्या, असं मोजता येत नाही. मला मोजता येते. सहा महिन्यांत तिने नुसते बघून एकतीस उचलले.

१५. सबब, पहिली विनंती मागे घेऊन खालीलप्रमाणे विनंती करते. शेरा आहे तसा राहू द्यावा. त्याआधीच्या दोन पानांवरच्या 'होय'वर काट मारावी, त्याखाली अंगठा किंवा सही, जे हवे ते मी देईन. आणि पाच महिन्यांच्या आत कोणत्याही दिवशी एखादे बाळ तापाने, पावसाने वा आईच्या रजेअभावी येऊ शकले नाही, तर त्याच्या जागी आमच्या बाळाला घ्यावे. त्यासाठी उद्यापासून मी व बाळ रोज सकाळी आठ वाजता तपासणी खोलीबाहेरच्या बाकावर बसून राहू. झाळकामाचे सूनबाईंनी दुकानातून बिनपगारी रजा काढून बघायचे ठरवले आहे. तिचा हात माझ्याहून हलका आहे.

आमचा नंबर लागल्यास नावाने पुकारू नये. माझेही कान पत्र्याने अर्धे नेले आहेत, आणि बाकावर माझा डोळा लागतो. दारातून फक्त हात करावा. ती बघेल, आणि मला उठवून घेऊन येईल.

कळावे, आपल्या उत्तराची बाकावर वाट पाहणारी,

(सही)
अर्जदार, बाळाची आजी

दिनांक : ११

सोबत :
१. तपासणी कार्ड, सर्व पाने.
२. एकतीस शब्दांची यादी, प्रत्येकापुढे हाताची खूण काढून. (चित्रे बाळाच्या आजोबांनी काढली आहेत. बोटे जाड आली आहेत.)
३. इस्त्रीवाल्या बाईंची साक्ष, पाय आपटल्याच्या उल्लेखासह.
४. बाळाच्या आईचे वेगळे पत्र. कृपया माझ्या अर्जाच्या आधी ते वाचावे.