भाचीचं मत

३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी लेक मजेत आहे. वाकडं चाक आता माझ्याहून सरळ करते. गिऱ्हाइकं मला ओलांडून तिच्याच हाती सायकल देतात. पण सध्या आमचा अबोला आहे. शहराच्या निवडणुकीत मतदानाचं वय अठरावरून सोळावर आणायचा ठराव आमच्या नगरमंडळात आलाय. चौघे बाजूने, चौघे विरुद्ध, आणि नववा मी! मी आपलं म्हटलं, सोळाव्या वर्षी पोरं घरचे सांगतील त्यालाच मत देणार, मग उपयोग काय? तिने पाना खाली ठेवून विचारलं, मामा, तू सांगितलेलं मी आजवर काय ऐकलंय? आठवायला बसलो, एकही गोष्ट सापडेना. तेव्हापासून ती फक्त गिऱ्हाइकांशी बोलते. तूच समजाव.

तुझ्या मायेचं जुनं गिऱ्हाईक,
धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

समजावू कोणाला? बाबा तुला कचेरीत चिकटवत होते, तेव्हा पिशवी उचलून सायकलवाल्याच्या हाताखाली कोण गेलं? तेव्हा तूही सोळाचाच होतास. पोरगी तुझ्यावर गेलीये, भोग आता! ती मला लिहिते, मामाने नाही म्हटलं तर सामान बांधून तुझ्याकडे येते. मला लेक जवळ हवीच रे, पण तिचा जीव तुझ्या दुकानात रमलाय. बघ बाबा. आणि खोकला अंगावर काढू नकोस.

मायेत काटकसर न करणारी,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

ठराव मंजूर! मी हात वर केला, तसे शेजारचे वकीलसाहेब कुजबुजले, घरातलं एक मत पक्कं केलंत की. खरं सांगतो, मलाही तसंच वाटलं होतं.

घरी आलो तर बाईसाहेब हसल्या, बोलल्या, बांधलेलं सामान पुन्हा कपाटात लावलं. मी सहज म्हटलं, निवडणुकीत मामाला विसरू नकोस हं. तर म्हणते, अजून ठरलं नाही! माझ्याविरुद्ध उभ्या राहिलेल्या शिक्षिकाबाईंचं संध्याकाळच्या बसबद्दलचं म्हणणं तिला पटतंय. रविवारी हे नवे मतदार दुकानामागच्या अंगणात जमणार. आम्हा दोघांनाही बोलावणं आहे. अंगण माझं, खुर्च्या माझ्या, आणि आधी बोलणार बाई! माझं भाषण जरा नजरेखालून घाल म्हटलं, तर म्हणाली, तो पक्षपात होईल.

ताई, तिला माझ्याबद्दल दोन बरे शब्द लिही ना. नको, थांब, लिहूच नकोस. मी सांगितल्यावरून लिहिलंस असं कळलं, तर मिळायचं मतही जाईल. आशीर्वाद तेवढे भरभरून पाठव. त्यांना आचारसंहिता लागत नाही.

तुझा,
धाकटा (उमेदवार)