भायरचं

आप्पा, आज वर्गात तुमचा एक शब्द मी फळ्यावर लिहिला आणि पोरांनी वाचायच्या आत पुसून टाकला. भायरचं. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तरी माझं तुमच्याशी भांडण चालूच आहे.

बेळगावच्या ज्या कॉलेजात मी जीवशास्त्र शिकवते, तिथं पीयूसीच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या पोरांना आज जन्मजात प्रतिकारशक्तीचा धडा होता. पोरं पाठ करून आलती, की शरीर परकं ओळखतं आणि त्याच्यावर तुटून पडतं. मी म्हटलं, हे अर्धंच खरं. कातडीखाली पहारा देणाऱ्या पेशी असतात, त्यांना कुणी शिकवावं लागत नाही. जंतूंच्या अंगावरच्या काही खुणा त्यांना जन्मापासून कळतात. पण आपल्याच पेशी चिरडल्या, फाटल्या आणि आतला माल बाहेर सांडला, तरी ह्या पहारेकरी पेशी बोंब मारतात. मग ती जागा लाल होते, सुजते, तापते, ठणकते. आणि पोटात कितीतरी परके जंतू सुखानं नांदत असतात, त्यांच्यावर कुणी उठत नाही. तू कुणाचा, एवढंच विचारत त्या बसत नाहीत. इथं काय मोडलंय, तेही बघतात. पोरं लिहून घेत होती आणि मी तुम्हाला सुनावत होते.

कारण तुमचा पहिला प्रश्न कायम तोच. जांबोटीच्या आपल्या दारात कुणीही येऊ दे, पाण्याचा तांब्या द्यायच्या आधी, "कुणाचं रं तू? गाव कंचं?" मी लग्न ठरवल्याचं सांगितलं तेव्हा माणूस कसा आहे हे तुम्ही विचारलंच नाहीत. माझ्याच कॉलेजात कन्नड शिकवतात, घरीही कन्नडच बोलतात म्हटल्यावर म्हणालात, "भायरचं माणूस माझ्या उंबऱ्याच्या आत न्हाय." बाजारात म्हशीचा सौदा करताना मात्र तुम्ही घडाघडा कन्नड बोलायचात. हे मी तेव्हा तोंडावर म्हटलं होतं आणि आजही म्हणते. लग्न मी केलंच. पिरनवाडीत दोन खोल्या घेतल्या. दोन वर्षं तुमचं दार बंद होतं. रडले नाही असं नाही, पण माघार घेतली नाही.

मग तुम्हीच निरोप धाडलात, दोघंबी या. ताप आला म्हणून की आठवण आली म्हणून, ते कधी कळलं नाही. आम्ही सकाळच्या बसनं आलो. तुम्ही सोप्यात बसलाय, उजवा पाय पाटावर, घोट्यापर्यंत सुजलेला, लाल, कातडी तकतकीत. आई गेल्यापासून घरात एकटेच, त्यामुळं मीठ-मोहऱ्याही स्वतःच ओवाळून घेतलेल्या. "चव्हाट्यावर उतारा तुडवला आसंल," म्हणालात. "भायरचं लागलंय. उतरंल."

ह्यांनी तुमच्या पायाला हात लावला. मग दारातलं तुमचं पायताण उचलून आत बोट फिरवलं. टाचेचा खिळा वर आलता. साखरेच्या आजारानं तुमचा पाय बधिर झालता, म्हणून टोचलेलं तुम्हाला कळलं नव्हतं. आतल्या पहारेकऱ्यांना कळलं होतं. "आप्पा, पाय लई गरम आहे," हे आपल्या मोडक्या मराठीत म्हणाले, "दुपारचा बस आहे, दवाखान्याला जाऊया."

"पावन्यानं च्या प्यावा," तुम्ही म्हणालात. "आमच्या घरचं आमी बघू."

दुपारच्या बसनं आम्ही दोघंच परत आलो. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांचा फोन आला, तेव्हा तुम्ही तापात बडबडत होता. ह्यांनीच तुम्हाला पाठकुळी घेऊन चिखलातनं रस्त्यापर्यंत आणलं. बेळगावच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, उशीर झाला.

घाव आपल्याच पायताणाचा, आणि तो ओळखला तुमच्या भायरच्यानं. गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये म्हणतात. मी बोलणार. तुम्ही चुकलात, आप्पा. जावयाच्या बाबतीत चुकलात आणि पायाच्या बाबतीतही चुकलात, आणि दोन्हीकडं चूक एकच होती.

हे पत्र धाडायचं तरी कुठं? धड्याच्या वहीतच राहील, आणि वही ह्यांच्या हाती पडणार नाही अशी ठेवीन. ह्यांनी एकदा विचारलं होतं, त्या दिवशी पाय बघून तुला काय वाटलं. मी म्हटलं, साधी सूज वाटली. तसं नव्हतं. नडगीवरनं वर चढलेली लाल रेघ मला दिसली होती, आणि तिचा अर्थ मला ठाऊक होता: जखमेचं विष अंगात वर चढायला लागलंय. पण तुम्ही ह्यांना पहिल्यांदाच उंबऱ्याच्या आत बसवून चहा पाजत होता. आता मी तोंड उघडलं तर हे दार परत बंद होईल, असं मला वाटलं. मी कपबशा विसळायला आत गेले.