जिंकलेलं अपील

१२ जुलै २०२१, ब्लॅकटाउन, सिडनी

जुळत नाही! सहा महिने झाले आणि आजही दोन याद्या जुळत नाहीत. आश्रय मागणाऱ्यांची अपिलं ट्रायब्युनल ऐकतं, व्हिसा खातं देतं. दोघांच्या सिस्टिम एकमेकींशी बोलत नाहीत. त्या बोलत्या करायच्या, एवढंच माझं काम. आज निकाल लागलेल्या दोनशे चौदा केसेस खात्याकडे अजून ‘प्रलंबित’ दिसल्या. केली, माझी मॅनेजर, म्हणाली, “फेज टूमध्ये बघू, विनिता. नो वरीज.”

१४ जुलै

लॉकडाउन वाढला. दिवसभर स्वयंपाकघरात, लॅपटॉपसमोर.

२० जुलै

त्या यादीतली एक केस उघडली. उघडायला नको होती.

श्रीलंकेची तमिळ बाई. नाव इथेही लिहीत नाही. ३ जूनला अपील मान्य! पण पत्र जुन्या पत्त्यावर गेलं आणि परत आलं. घर बदलल्याचं तिने कळवलं होतं – खात्याला. खात्याने ट्रायब्युनलला सांगितलंच नाही. खात्याकडे शेवटची नोंद ५ जुलैची: ‘स्वेच्छेने परत जाण्यास तयार.’ सही केलीय तिने. आठ वर्षं वाट बघितली, जिंकली, आणि तिला पत्ताच नाही!

विमान ३० तारखेला.

२१ जुलै

केलीला सांगितलं. “तू डेटा बघायचा, माणसं नाही. सिस्टिममध्ये तक्रारीचं तिकीट टाक.” टाकलं. उत्तर आलं – कामकाजाचे दहा दिवस लागतील. दहा!

२३ जुलै

तीन ठिकाणी फोन. खातं म्हणतं, निकालाची प्रत ट्रायब्युनलकडून यायला हवी. ट्रायब्युनल म्हणतं, केव्हाच पाठवली. तिसरा म्हणाला, “सॉरी मेट, परत पाठवणारा विभाग वेगळा.” प्रत्येकजण अगदी नम्र. ओरडावं तरी कुणावर?

स्वरदा दारात येऊन उभी. “मम, आर यू क्रायिंग?” मीटिंग आहे म्हटलं.

२६ जुलै

मार्शलला फोन केला. माझ्या मैत्रिणीचा, मार्थाचा नवरा, वसईचा; ट्रायब्युनलच्या रजिस्ट्रीत, म्हणजे निकालांच्या नोंदी ठेवणाऱ्या ऑफिसात आहे. ऑफिसच्या लाइनवर नाही, त्याच्या मोबाइलवर. हे कळलं तर दोघांच्याही नोकऱ्या जातील.

“केस नंबर सांग.”

“मार्शल, तुझं काय होईल याचा–”

“नंबर सांग गं.”

२८ जुलै

मार्शलने निकालाची प्रत त्या परत पाठवणाऱ्या विभागाला तीनदा मेल केली. उत्तर नाही. एवढी दोन मोठी ऑफिसं, आणि एका बाईचं आयुष्य आमच्या मराठीतल्या फोनवर लटकलंय. लाज वाटते. या कामाची, माझीसुद्धा.

२९ जुलै

काही नाही. उद्या सकाळी अकराला विमान.

३० जुलै

विमान रद्द! क्रूमधला एक जण पॉझिटिव्ह निघाला. आम्ही काहीच करू शकलो नव्हतो – थांबवलं ते व्हायरसने. आणि दुपारी त्या विभागाचा मार्शलला मेल: तिचं नाव परत पाठवायच्या यादीतून काढलं. मी आणि मार्शल फोनवर नुसतेच हसत होतो. वेड्यासारखे.

२ ऑगस्ट

मार्शलने तिला निकाल वाचून दाखवला, दुभाष्याला लाइनवर घेऊन. ती रडली नाही. एवढंच विचारलं, “हे माझ्या नवऱ्यालाही लागू आहे?”

हो. अपील एकच होतं. ट्रायब्युनल अख्ख्या कुटुंबाला एक नंबर देतं, खातं माणशी एक. आम्ही फक्त तिचाच शोधला.

दोघांना एका विमानात जागा मिळाली नव्हती. तो २४ जुलैलाच परत गेला.