मुद्देमाल सादर नाही

३ मार्च

या हातांनी केलेल्या वस्तू. डोक्यात धरून बसण्यापेक्षा एकदा लिहून टाकतो—

पूर्ण कवळ्या: ४१२. अर्धवट (दोन-चार दातांपुरत्या): ९६. जबड्याचे साचे उघडमीट करून बघायचं यंत्र: दाराच्या दोन बिजागऱ्यांचं. विकतच्यापेक्षा सरस! प्लास्टर कालवायचं भांडं: अर्धा कापलेला रबरी चेंडू. दुकानाची पाटी: ‘कवळ्या करून मिळतील’. अक्षरं माझीच. ‘डॉक्टर’ हा शब्द पाटीवर कुठेही नाही.

आत आल्यापासून: साबणाचे अठ्ठावीस दात (अक्कलदाढा सोडून), शेजारच्या सुताराच्या चष्म्याची दांडी, आणि ही वही शिवली ती.

शिकवलं कुणी? कुणीही नाही. दातांच्या दवाखान्यात सात वर्षं झाडू मारला आणि डोळे उघडे ठेवले.

आज वकीलबाई आल्या होत्या. सरकारनं दिलेल्या, वयानं माझ्या मुलीएवढ्या. म्हणाल्या, “काका, तुमच्या कलमाला जास्तीत जास्त शिक्षा तीन वर्षं. तुम्हाला आत तीन वर्षं दोन महिने झालेत.” मी हसतच सुटलो. शिक्षा संपली आणि खटला अजून सुरू व्हायचाय! बाईंनी सुटकेचा अर्ज केलाय म्हणे. त्या अर्जालाही तारीख पडलीय.

जामीनदार मिळाला नाही म्हणून आत बसलो, तो बसलोच. ज्यांचा निकाल लागलेला नाही त्यांना इथे कच्चे कैदी म्हणतात. तीन वर्षं शिजतोय, तरी कच्चाच!

बारा तारखेला कोर्ट. चौतिसावी तारीख. आधीच्या तेहेतीस वेळा एकच वाक्य— “मुद्देमाल सादर नाही, पुढची तारीख.” मुद्देमाल म्हणजे मी निवृत्त पोस्टमास्तरांना केलेली कवळी. डॉक्टर असल्याचं भासवून सदोष कवळी बसवली, तोंडाला इजा केली, हा आरोप. कवळी कागदावर जप्त आहे. कपाटात मात्र नाही!

५ मार्च

पहाऱ्यावरचा शिपाई गजांना नाक लावून कुजबुजला, “डॉक्टर, आईची कवळी टोचते हो.”

“डॉक्टर म्हणू नका! त्याच्यापायीच तर आत आहे.”

त्याला सांगितलं, आईला म्हणावं, दुखतं तिथे हिरडीला काजळ लावा, मग कवळी घाला आणि काढा. काळं उमटेल तिथे दोष.

६ मार्च

रुमालात गुंडाळून कवळी आली. डावीकडे, आतल्या बाजूला, मुगाएवढा काळा ठिपका. फरशीवर घासली, दंतमंजनानं चकाकी आणली. चाळीस मिनिटं. तोंड न बघता काम करणं मला पसंत नाही, पण काजळ खोटं बोलत नाही. ज्या गुन्ह्यासाठी आत, तोच गुन्हा सरकारी गणवेशाच्या पहाऱ्यात!

७ मार्च

म्हातारीनं सफरचंद खाल्लं. सालासकट!!

९ मार्च

ही भेटायला आली. जाळीपलीकडून आधी भांडली, मग हसली. हसली तेव्हा दिसलं— खालचे दोन दात पडलेत.

“कधी?”

“झाले की चार महिने. बघता काय असं? दुसऱ्या कुणाकडून करून घेणार नाहीये मी.”

मी जाळीतूनच माप घ्यायला लागलो. “आ कर. थोडा अजून.” शेजारच्या कैद्याची बायको पदर तोंडात कोंबून हसत होती.

उठताना म्हणाली, “अहो, एकटीपुरतं शिजवायचा वीट आलाय मला. काय हवं ते म्हणा त्या लोकांना, पण घरी या.”

१२ मार्च

घाईत लिहितोय, अक्षर बिघडणार. बिघडू दे!

आज पोस्टमास्तर आले. तीन वर्षांत पहिल्यांदा. साक्षीला उभे राहिले आणि म्हणाले, “सदर इसमाने मला सदोष कवळी बसवली.”

सदर. इसम. सदोष. एवढे स आणि एकही शीळ नाही! कवळी अर्ध्या मिलिमीटरनं सैल असली तरी स म्हणताना वारा निसटतो. मी टाचा उंचावून बघितलं. वरचा डावा सुळा किंचित पुढे. त्यांच्या लग्नाच्या फोटोत होता तसा मी मुद्दाम बसवलेला!

ओरडलोच. “साहेब, मुद्देमाल हजर आहे!”

न्यायाधीशांनी मान वर केली. “कुठे?”

“तोंडात!”

“कुणाच्या?”

“त्यांच्या!”

पोस्टमास्तरांनी तोंड मिटून घेतलं. सरकारी वकिलांनी “उघडा” म्हटलं तर मान हलवली. शेवटी म्हणाले, “पोलीस मागायला आले होते. दिली नाही. मग जेवू कशानं? दोन ठिकाणी दुसऱ्या करून घेतल्या साहेब, एकही बसत नाही.”

“मग तक्रार का केलीत?”

“हिरडी सुजली होती. मुलानं अर्ज लिहिला, मी सही केली.”

आठ दिवस सुजणारच! नव्या चपलेचं असतं तेच. मी बजावून सांगितलं होतं.

टंकलेखकाला हसू आवरेना. न्यायाधीशसुद्धा चष्मा पुसत बसले. मग हुकूम केला— कवळी जमा करा, तज्ज्ञांकडून तपासून घ्या. पोस्टमास्तर म्हणाले, काढणार नाही. न्यायाधीश म्हणाले, मग तसा लेखी अर्ज द्या. सुटकेचा अर्जही त्याच दिवशी ऐकणार. पुढची तारीख २७ ऑगस्ट.

साडेपाच महिने. असू देत! गाडीत बेड्या वाजवत आलो. चारशे बारापैकी एक कवळी आज भर कोर्टात बोलली!

१३ मार्च

बराकीत तीनदा सांगून झालं, चौथ्यांदा सांगायला लावलं. सुतार पाच वर्षं आत आहे. तो म्हणाला, “मला अजून साक्षीदाराचं तोंड दिसलं नाही, आणि तुझा मुद्देमाल तुला दात काढून दाखवतोय!”

१५ मार्च

सकाळी वकीलबाई आल्या. बसल्या नाहीत, उभ्यानंच सरकारी वकिलांकडून आलेला कागद पुढे केला. मी वाचला, दोनदा, आणि नाही म्हणालो. “काकूंना मी काय सांगू?” असं विचारून त्यांनी कागदाची घडी घातली.

नक्की काय नाकारलं ते नोंदवून ठेवतो. दोन वाक्यांवर सही करायची: ‘मी डॉक्टर असल्याचं भासवलं. कवळी सदोष होती.’ सही केली की भोगली तीच शिक्षा धरणार. आज संध्याकाळी सहापर्यंत घरी. दंड तीनशे रुपये.