काश्यप गोत्राचं विमान

ती. गोदावरीआत्यास,

स्वानंदीचा साष्टांग नमस्कार. सायखेड्याला सगळे बरे असतील आणि तुझा गुडघा तुला जिना चढू देत असेल, अशी आशा आहे.

आधी एक दुरुस्ती. इंडोनेशियाच्या समुद्रात बुडालेलं महायुद्धातलं जे विमान मी पाहायला जाणार आहे, त्यात कोणी मेलं नव्हतं असं मी तुला मागे लिहिलं होतं. ते चूक. वैमानिक वाचला, त्याचा सोबती नाही वाचला. हे कळल्यावर मला घास जाईना, म्हणून बाबांनाही सांगितलं. (नको होतं सांगायला.) जन्मभर रामकुंडावर लोकांच्या पितरांचं करणारा माणूस! मला पोहता येतं का हे न विचारता त्यांनी मेलेल्याचं गोत्र विचारलं. मला माहीत नाही म्हटल्यावर "मग काश्यप" असं स्वतःच ठरवून टाकलं, आणि "ऐंशी वर्षं पोरगा पाण्यात पडलाय, नि तू मासे बघायला चाललीस?" म्हणून माझ्यावरच रागावले. सोबत तीळ ने म्हणाले. मला पाण्याखाली उतरायला शिकवणारा रोहित म्हणतो, "मॅडम, तिथं पाण्यात काहीच टाकायचं नाही." शेवटी असं ठरलं, की तर्पण बाबांनी इथेच करायचं. शस्त्राने गेलेल्यांची तिथी चतुर्दशी, आणि माझी बुडीही नेमकी त्याच दिवशी. (पितृपक्षात प्रवास कसला, असं तू म्हणशीलच. म्हणून तर तिकीट मिळालं.)

आता पोहण्याच्या तलावात सराव करतानाची फजिती. पाण्याखाली श्वास कधीही रोखायचा नाही, हा या विद्येचा पहिला नियम. आणि तू मला लहानपणी शिकवलंस ते नाक धरून तीन बुड्या मारायला! तोंडात नळी असूनही माझा हात नाकाकडे जाई, मी तीनदा खालीवर होई आणि तिसऱ्यांदा सूर्याकडे हात जोडून उभी राही. बरोबरचे शिकणारे विचारत, "ताई, थोडं तीर्थ?" रोहित ओरडे, "मॅडम, आधी श्वास सोडा, पुण्य नंतर!"

मी श्वास सोडला, हट्ट नाही सोडला. बाबांच्या संध्येतली केशव-नारायणापासूनची चोवीस नावं मला ऐकून ऐकून पाठ आहेत. एकेका नावाला श्वास सोडत गेले. परवा तळाशी बसून मास्क काढला, परत लावला, आतलं पाणी घालवलं, तरी नावं उरलीच होती. रोहितने मला पास केलं.

आत्या, आपलं सगळं घर पाण्याच्या काठावर जगलं, पण पाण्याखाली काय आहे हे कोणी पाहिलं नाही. मला पाहायचंय. भीती वाटते. ती बरोबर घेऊनच जाईन.

तुझी,
स्वानंदी

ता. क. : बाबा म्हणाले, "अक्का हो म्हणाली तरच जा." त्यांचा फोन आला की कृपा करून हो म्हण.

आणखी ता. क. : मनात नसताना हो म्हण, असं मी सांगत नाही, तो तुझ्यावर अन्याय होईल. खरं वाटेल तेच सांग. मी मात्र शुक्रवारी, नऊ ऑक्टोबरला सकाळी, पाण्यात उतरते आहे.