खिडकीची सीट आणि पिवळा पट्टा

३ मार्च, सोमवार. सकाळी ११, ऑफिस.
आज पुन्हा तेच. शिंदखेडा-धुळे गाडी, डावीकडची तिसरी खिडकी. मी बाहेरून रुमाल टाकला होता. एस.टी.त रुमाल म्हणजे सातबारा. आत चढून बघतो तर कंडक्टर ज्यांना भटूनाना म्हणतो ते बसलेले, आणि माझा रुमाल घडी करून माझ्याच हातात. वर घडी!
दहा वर्षं मी त्या खिडकीतून धुळ्याला येतोय. घरी दिपमालाचं ऐकायचं, ऑफिसात शेठचं. मधला तासभर वारा खायचा, तेवढंच माझं राज्य. महिन्यापूर्वी हा माणूस उगवला आणि राज्य गेलं. बोलत एक शब्द नाही. तोंड खिडकीबाहेर, हातात लिंबू. सोनगीर येईपर्यंत हुंगत बसतो. राजेमहाराजे गुलाब हुंगायचे, हा लिंबू. काय ती घमेंड!
निश्चय: कराटे.

५ मार्च, बुधवार.
कॉलेजच्या ग्राउंडवर पहाटेचा क्लास. शिकवायला ज्योत्स्ना मॅडम, ब्लॅक बेल्ट. बॅचमध्ये बहुतेक पोलीस भरतीची पोरंपोरी आणि शुगरवाले एक रिटायर्ड गुरुजी. मॅडमनी प्रत्येकाला विचारलं, कशासाठी शिकायचंय? पोरं म्हणाली, भरती. गुरुजी म्हणाले, डॉक्टर. सोनल नावाची मुलगी म्हणाली, रस्त्यानं मान वर करून चालायचंय. मी म्हणालो, आत्मसंयम. टाळ्या पडल्या.
नंतर मॅडमना बाजूला घेऊन खरं ते सांगितलं. भटू नावाचा एक जाडजूड म्हातारा आहे, माझी खिडकी बळकावतो, त्याला एकदाच हिसका दाखवायचाय. मॅडमनी विचारलं, लिंबू हुंगतात का? म्हटलं हो, ओळखता की काय? म्हणाल्या, थोडंफार. मग तोंडावर ओढणी धरून बराच वेळ खोकत होत्या. पहाटेचा गारठा बाधतो काहींना.

१४ मार्च, धुळवड.
टार्गेट: आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, पिवळा पट्टा. तो कमरेला बांधूनच गाडीत चढायचं.
सध्या मॅडम मला फक्त पडायला शिकवतायत. पोरं लाथा मारतात, गुरुजीसुद्धा मारतात, मी पडतो. डावीकडे पडतो, उजवीकडे पडतो. कारण विचारलं तर म्हणाल्या, तुमच्यासाठी खास कोर्स आहे, वरून ऑर्डर आलीय. वरून म्हणजे बहुधा असोसिएशनकडून. टॅलेंट लपत नाही.

२३ मार्च, रविवार.
मनगट सोडवण्याचं टेक्निक यूट्यूबवर बघितलं. प्रॅक्टिसला माणूस हवा. व्याही जेवायला येणार म्हणून दिपमाला पुरणाच्या मांड्यांची कणीक आपटत होती. तिला म्हटलं, धर माझं मनगट, जोरात धर. तिनं धरलं. अंगठ्याच्या बाजूनं झटका द्यायचा असतो. दिला. परत दिला. ओट्याला पाय लावून दिला. तेवढ्यात शेजारच्या कमलबाईंचा फोन आला. दिपमाला दुसऱ्या हातानं फोन घेऊन सगळं बोलली, पुरणाला डाळ किती तेसुद्धा. मग मला म्हणाली, झालं का तुमचं? सोडू?
निष्कर्ष: समोरच्याचे हात कणकेचे असतील तर टेक्निक चालत नाही. भटूनाना कणीक मळत नसणार.

१ एप्रिल, मंगळवार.
कराटेत आरोळीला फार महत्त्व. बेंबीच्या देठापासून निघाली तर समोरचा हादरतो. आज चिमठाणे जवळ आलं तेव्हा मी भटूनानांच्या शेजारी दांड्याला धरून उभा होतो. श्वास घेतला आणि काढली.
भटूनाना हादरले नाहीत. त्यांनी फक्त डोळे मिटून लिंबू नाकाशी घट्ट धरलं. कंडक्टर भूषण मात्र हादरला, त्यानं घंटी ओढली, ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला. भूषण विचारू लागला, कोणाला उतरायचंय? अख्खी गाडी माझ्याकडे बघतेय. उतरलो. काय करणार? पुढे टेम्पोत कांद्याच्या गोण्यांवर बसून धुळ्याला आलो. शेठ म्हणाले, वास कसला येतोय?
तरी आरोळीची पॉवर सिद्ध झाली. अख्खी एस.टी. थांबवली!

९ एप्रिल, बुधवार.
मॅडम आज म्हणाल्या, ज्याला मारता येतं त्याला मारावं लागत नाही. क्लास शेवटी यासाठीच असतो. बाकीच्यांसाठी ठीक आहे हे. मला आधी मारायला तरी शिकवा, बाई!

१९ एप्रिल, शनिवार.
लाथ स्वतःच शिकायची ठरवली. समोर कूलर होता. उंचीला, रुंदीला हुबेहूब भटूनाना. मारली.
कूलर लोखंडी स्टँडवर असतो हे लक्षात राहिलं नाही. अंगठा भरिताच्या वांग्याएवढा सुजलाय. पडलो मात्र फार सुंदर. कुठेही खरचटलं नाही. दिपमालानं मॅडमना फोन करून कळवलं, हे येणार नाहीत, कूलरनं मारलंय. शब्द नीट वापरायला नकोत का?

२१ एप्रिल, सोमवार. सकाळी ८, गाडीत.
विजय! लंगडत चढलो तर भटूनाना स्वतःहून उठले. म्हणाले, बठ भाऊ, खिडकीजोडे बठ. पहिल्यांदाच आवाज ऐकला. घाबरलेला वाटला. मी बसलो. ते शेजारी. काय तो वारा! डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. शेवटी माझं तेज दिसलंच त्यांना.

त्याच दिवशी, दुपारी. शेठचा जुना शर्ट घालून.
चिमठाणे गेलं तेव्हा भटूनाना घामाघूम झाले होते. सोनगीरच्या अलीकडे त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता माफी मागतायत. त्यांनी तोंड उघडलं. पुढचं लिहवत नाही. शर्ट, पँट, डबा, सगळं.
धुळे स्टँडच्या नळावर त्या माणसानं माझा शर्ट स्वतःच्या हातानं धुतला. ऐकेनातच. सांगू लागले, एकेकाळी जत्रेत कुस्त्या मारल्या, आता धुळ्याच्या तालमीत पोरांना शिकवायला रोज यावं लागतं. पण गाडी लागते. खिडकी नसली की संपलं. पहिलवानाला गाडी लागते हे चारचौघांत कोणत्या तोंडानं सांगायचं? आणि गाडीत तोंड उघडायची सोयच नाही.
म्हटलं, मग आज का उठलात? म्हणाले, पोरगीनं सांगितलं, तुना पाय सुजेल शे. कोण पोरगी? म्हणाले, ज्योत्स्ना.
शर्ट पिळता पिळता पुढे म्हणाले, बठ्ठं माहीत व्हतं, सगळंच. पहिल्याच दिवशी तिनं घरी येऊन सांगितलं. मीच तिला म्हणालो, त्याले आधी पडानं शिकाड, उगीच लागाले नको.
मी नळ बंद केला.

२ मे, शुक्रवार.
आखाजी झाली, पट्टा नाही. हरकत नाही.
आज रुमाल टाकला, भटूनानांसाठी. चढून बघतो तर रुमालावर एक दांडगा गडी बसलेला. म्हटलं, उठा. तो हसला. मी मॅडमनी शिकवल्याप्रमाणे शांत उभा राहिलो, श्वास पोटात, नजर सरळ. आणि काय सांगू! त्याचं हसू गेलं, माझ्याकडे, म्हणजे साधारण माझ्या डोक्याच्या वर बघत तो मुकाट्यानं उठला. मागे भटूनाना उभे होते, पण त्यांनी काहीसुद्धा केलं नाही. सगळं मी एकट्यानं केलं.
ते खिडकीत बसले, मी शेजारी. घरून दोन लिंबं नेली होती.